नाताळचे टपाल : जुन्या शुभेच्छापत्रांची कहाणी

नाताळचा सण आणि टपाल यांचे नाते पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुने आहे. या काळात कोट्यवधी शुभेच्छापत्रे समुद्र ओलांडून, आगगाडीने, सायकलवरून आणि अखेर पोस्टमनच्या पायांनी घराघरांत पोहोचली. आज त्याच शुभेच्छा भ्रमणध्वनीवर क्षणार्धात येतात आणि दुसऱ्या क्षणी मागे पडतात. जुनी कार्डे मात्र अनेक घरांत पेटीच्या तळाशी, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांशेजारी पडून आहेत. नव्या घराचे बांधकाम निघाले की ती बहुधा रद्दीत जातात. ती टाकून देण्यापूर्वी त्यांची कहाणी आपण जाणून घ्यावी, या हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कार्डापूर्वीची शुभेच्छा

सणानिमित्त छापील शुभेच्छा देण्याची कल्पना टपालखात्याच्याही आधीची आहे. पंधराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांत लाकडी ठशांवरून व तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली लहान भक्तिचित्रे प्रचलित होती. त्यांपैकी काहींवर बाळ येशूची आकृती आणि नववर्षाची शुभकामना आढळते. शुभेच्छेचे पहिले छापील रूप अशा प्रकारे भक्तिचित्रातून आले. परंतु ती चित्रे हातोहात दिली जात. दूर राहणाऱ्या आप्ताला शुभेच्छा धाडणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

एका पेनीची क्रांती

याचे कारण टपालाचा खर्च. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचा हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. गरिबाच्या दारी पत्र आले की आनंदापेक्षा विवंचनाच अधिक. रोलंड हिल यांनी सुचविलेल्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून देशात कोठेही जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला एक पेनी असा एकच दर लागू झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले डाकतिकीट वापरात आले. १८३९ साली सुमारे ७.६ कोटी पत्रे वाहून नेली गेली होती. १८४० साली ती संख्या दुपटीहून अधिक झाली.

आपल्या देशात हीच सुधारणा ऑक्टोबर १८५४ मध्ये आली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते मुंबईहून ठाण्याला जावो की कलकत्त्याला! अंतराचा हिशेब संपला आणि परगावी गेलेल्या मुलाला आईबापांची खुशाली कळविणे सोपे झाले.

१८४३ : पहिले नाताळकार्ड

पेनी टपालाच्या योजनेत हिल यांना साहाय्य करणारे एक अधिकारी होते हेन्री कोल. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे ते पहिले संचालक झाले. १८४३ च्या नाताळात स्नेह्यासोबत्यांना स्वतंत्र पत्रे लिहिण्यास त्यांना सवड नव्हती. म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड तयार करून घेतले. शिळाप्रेसवर त्याच्या सुमारे हजार प्रती छापण्यात आल्या आणि त्या हाताने रंगविण्यात आल्या. कोल यांना लागली तेवढी कार्डे त्यांनी वापरली व उरलेली एक शिलिंगला एक याप्रमाणे विकण्यात आली. एका शिलिंगात तेव्हा बारा पत्रे धाडता येत असत. म्हणजे हे पहिले कार्ड गरिबाच्या खिशाला परवडणारे नव्हते.

त्या कार्डावरील चित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. मध्यभागी एक मोठे कुटुंब भोजनाच्या मेजाभोवती बसून दूरच्या आप्ताच्या नावाने पेले उंचावीत आहे. त्यातील एका लहान मुलीच्या ओठी मद्याचा पेला लावलेला दाखविल्यामुळे मद्यपानविरोधी चळवळीतील लोकांनी त्या काळी बरीच टीका केली. पण त्या कुटुंबाच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन चित्रे आहेत. एकात भुकेल्यांना अन्न दिले जात आहे, तर दुसऱ्यात उघड्यांना वस्त्र. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायाशी परिचित असलेल्या वाचकाला त्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. नाताळच्या पहिल्या व्यापारी कार्डावर ना गव्हाणी आहे, ना देवदूत. परंतु दयेची कृत्ये मात्र आहेत. चार्ल्स डिकन्स यांची ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही कथाही त्याच वर्षी, त्याच डिसेंबरात प्रसिद्ध झाली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. औद्योगिक इंग्लंडमधील दारिद्र्य त्या पिढीला सणाच्या दिवशीही विसरता येत नव्हते.

शिळाप्रेसची किमया

हाताने रंगविलेले कार्ड महागच राहणार होते. ते स्वस्त झाले ते रंगीत शिळामुद्रणामुळे. आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शिळामुद्रणाचा शोध लावला होता. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर ते चालते. दगडावर तेलकट शाईने चित्र काढावयाचे व दगड ओला करावयाचा, म्हणजे छपाईची शाई केवळ चित्रालाच धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. कागद एकामागून एक अशा दहा-बारा, कधी वीसहून अधिक दगडांवर तंतोतंत त्याच जागी बसवावा लागे. भिंगातून पाहिल्यास जुन्या कार्डावर रंगांचे बारीक ठिपके व थर दिसतात, ते यामुळेच.

या कलेत दोन नावे अग्रगण्य ठरली आणि दोघेही मूळचे प्रशियाचे. लुई प्रांग हे ब्रेस्लाऊहून अमेरिकेत जाऊन बोस्टनमध्ये स्थायिक झाले. त्यांनी १८७३ साली इंग्लंडच्या बाजारपेठेसाठी आणि १८७४ पासून अमेरिकेसाठी नाताळकार्डे छापली. १८८१ पर्यंत त्यांचा छापखाना वर्षाला पन्नास लाखांहून अधिक कार्डे काढू लागला होता. राफाएल टक हे ज्यू कुटुंबातील गृहस्थ लंडनला आले आणि त्यांनी १८६६ साली चित्रांचे दुकान थाटले. १८७१ साली त्यांच्या संस्थेने पहिली नाताळकार्डे काढली. १८८० साली तिने पाचशे पौंडांची बक्षिसे लावून चित्रस्पर्धा घेतली, तेव्हा सुमारे पाच हजार चित्रे आली होती. ख्रिस्तजयंतीचा आनंद घरोघर नेण्यात एका ज्यू कुटुंबाचा एवढा मोठा वाटा असावा, ही बाब आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. डिसेंबर १९४० मध्ये लंडनवर झालेल्या बाँबवर्षावात टक यांची इमारत आणि तिच्यातील मूळ चित्रांचा प्रचंड साठा भस्मसात झाला.

हेच तंत्र महाराष्ट्रातही आले होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत जर्मन यंत्रे व कारागीर आणून छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविला. आपल्याकडील घराघरांतील देवादिकांची रंगीत चित्रे आणि युरोपातील नाताळकार्डे ही एकाच कलेची अपत्ये होत.

पोस्टकार्डाचा जन्म

पाकिटाशिवाय, उघडे, कमी हशिलात जाणारे कार्ड असावे, अशी सूचना हाइनरिख फॉन श्टेफान यांनी १८६५ साली जर्मन टपाल परिषदेत मांडली. पण ती स्वीकारली गेली नाही. एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८६९ च्या प्रारंभी व्हिएन्नातील एका वृत्तपत्रात तोच विचार पुन्हा मांडला आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातील पहिले पोस्टकार्ड काढले. ब्रिटनने बरोबर एक वर्षाने, तर अमेरिकेने मे १८७३ मध्ये त्याचा स्वीकार केला. १८७४ साली बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघाची स्थापना झाली. भारत १८७६ साली त्यात सामील झाला आणि परदेशी टपालाचे दर सुटसुटीत झाले.

आपल्याकडे पोस्टकार्ड आले ते जुलै १८७९ मध्ये. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढची शंभर वर्षे खुशाली, लग्नाचे आमंत्रण आणि मरणाची वार्ता याच कार्डाने गावोगाव नेली. मरणाचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकावे, घरात ठेवू नये, अशी आपल्या लोकांची रीत होती. सणाचे कार्ड मात्र जपून ठेवले जाई. जुन्या पेट्यांत आज जी कार्डे सापडतात, त्यांत शुभवार्ताच अधिक का, याचे एक कारण या रीतीत आहे.

प्रारंभी पोस्टकार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असे. त्यामुळे चित्र असलेल्या बाजूलाच, चित्राच्या कडेने, मजकूर कोंबावा लागे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर लिहिण्यास परवानगी दिली. फ्रान्सने १९०४, जर्मनीने १९०५ आणि अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून ती मुभा दिली. आता पूर्ण बाजूभर चित्र छापता येऊ लागले आणि चित्र-पोस्टकार्डांना पूर आला. जून १९०८ अखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटी ७७ लाखांहून अधिक पोस्टकार्डे गेली. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटीही नव्हती.

चित्रे काय सांगतात?

त्या काळातील कार्डे पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी नाताळकार्डांवर पवित्र कुटुंबाची चित्रे तुलनेने थोडी आहेत. फुले, मुले, बर्फ, प्राणी आणि विशेषतः लाल छातीचा रॉबिन पक्षी यांचीच गर्दी अधिक. रॉबिनला हा मान मिळण्यामागे टपालाचाच संबंध आहे. इंग्लंडचे पोस्टमन पूर्वी लाल डगला घालीत, म्हणून लोक त्यांना लाडाने ‘रॉबिन’ म्हणत. पुढे चित्रकारांनी चोचीत पत्र धरलेला रॉबिन काढला आणि पोस्टमनचे टोपणनाव कार्डावरील चित्र बनले.

ऑस्ट्रिया, बव्हेरिया, बेल्जियम अशा कॅथलिक प्रदेशांतील कार्डांवर वेगळे दृश्य दिसते. तेथे ६ डिसेंबरच्या सणाचे संत निकोलस बिशपांची उंच टोपी आणि दंड धारण करून मुलांच्या भेटीला येतात. ऑस्ट्रियन कार्डांवर त्यांच्यासोबत खोडकर मुलांना भिववणारा शिंगाळ क्रॅम्पसही असतो. याच संत निकोलसांपासून निघालेला सांताक्लॉज जुन्या पोस्टकार्डांवर हिरव्या, निळ्या, तपकिरी, जांभळ्या अशा नाना रंगांच्या झग्यांत भेटतो. लाल झगा सर्वमान्य होण्यास काही दशके जावी लागली.

आपल्या मुलांनी कधीही न पाहिलेले बर्फ आपल्या कार्डांवर का असावे, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. कार्डे जेथून आली, तेथील निसर्ग ती घेऊन आली, हे त्याचे उत्तर. परंतु ख्रिस्तजन्म आपल्या मातीतही रंगविता येतो, हे गोव्यातील सांतो एस्तेव्हाव येथे १९०२ साली जन्मलेले चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांनी दाखवून दिले. पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली पवित्र मरीया आणि भारतीय चेहऱ्यामोहऱ्याचा बाळ येशू रंगविला. १९६७ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

टपाल कर्मचाऱ्यांचे श्रम

शुभेच्छांचा हा पूर कुणाच्या तरी खांद्यावरून वाहत होता. नाताळचे टपाल लवकर टाकावे, असे आवाहन ब्रिटिश टपालखात्याला १८८० सालीच करावे लागले. पोस्टमनला नाताळच्या दिवशीही सुटी नसे. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशीची टपालवाटणी १९६० नंतर आणि स्कॉटलंडमध्ये १९६५ नंतर बंद झाली. इतरांच्या घरी आनंद पोहोचविणारा मनुष्य स्वतः आपल्या लेकरांसोबत सकाळ घालवू शकत नव्हता, हे शुभेच्छापत्रांच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही.

विलायतेहून आपल्याकडे येणारे टपाल सुएझ कालव्यामार्गे मुंबई बंदरात उतरे. बोट किनाऱ्याला लागल्यावर टपालाची वर्गवारी करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून पहिल्या महायुद्धापर्यंत एडन आणि मुंबई यांदरम्यान भर समुद्रात, बोटीवरच टपाल कर्मचारी पिशव्या उघडून पत्रे वेगळी करीत. उकाड्यात, हेलकावणाऱ्या बोटीवर केलेल्या या कामामुळे मुंबईहून पुढची आगगाडी पत्रांना वेळेवर मिळे.

क्षयरोग्यांसाठी एक चिकटपट्टी

नाताळच्या टपालाचा सर्वांत सुंदर उपयोग एका टपाल कारकुनानेच शोधून काढला. डेन्मार्कमधील आयनार होल्बोल यांना कार्डांचे ढीग हाताळताना वाटले की, प्रत्येक कार्डावर लोकांनी स्वेच्छेने एक अल्प किमतीचे जादा तिकीट चिकटवले, तर क्षयाने पीडित मुलांसाठी केवढा निधी उभा राहील! राजाने ही कल्पना उचलून धरली आणि १९०४ साली दिवंगत राणी लुईझ यांचे चित्र असलेले पहिले नाताळ-तिकीट निघाले. पहिल्याच वर्षी त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. टपालासाठी त्याचा उपयोग शून्य. ते केवळ दानाचे चिन्ह.

अमेरिकेत एमिली बिसेल यांनी १९०७ साली डेलावेअर राज्यातील एक छोटे क्षयरुग्णालय वाचविण्यासाठी हीच युक्ती केली. हवे होते तीनशे डॉलर, जमले तीन हजार. ही प्रथा देशोदेशी पसरली. भारतातही क्षयरोग संघटनेची ‘टीबी सील’ तिकिटे शाळाशाळांतून विकली गेली. आमच्या अनेक वाचकांनी लहानपणी ती वहीवर चिकटवली असतील.

युद्ध आणि कार्ड

१९१४ च्या नाताळात ब्रिटिश राजकन्या मेरी यांच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या भेट देण्यात आल्या. त्याच नाताळात राजा-राणीचे छायाचित्र असलेले एक कार्डही त्यांना स्वतंत्रपणे देण्यात आले आणि देव तुम्हांस सुखरूप घरी आणो, अशी प्रार्थना त्यावर छापलेली होती. भारतीय जवानांच्या वाट्याच्या भेटीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. फ्रान्समधील स्त्रिया त्या काळी रेशमी जाळीवर भरतकाम करीत आणि ते कापून कार्डावर लावले जाई. सैनिक ती कार्डे घरी धाडीत. त्यांपैकी कित्येक कार्डे घरी पोहोचली, पाठविणारा मात्र परतला नाही.

युद्धाने जर्मनीतून येणारी सुरेख छपाईची कार्डेही बंद पाडली. अमेरिकेत १९१७ साली आणि ब्रिटनमध्ये १९१८ साली पोस्टकार्डाचा दर वाढला. कॅन्सस शहरात १९१० साली पोस्टकार्डे विकू लागलेल्या जॉइस हॉल यांनी १९१५ च्या सुमारास घडीचे, पाकिटात घालावयाचे कार्ड काढले. त्यांच्या व्यवसायाची पुढे ‘हॉलमार्क’ ही कंपनी झाली. उघड्या कार्डाची जागा हळूहळू पाकिटातील कार्डाने घेतली.

जुने कार्ड कसे ओळखावे, कसे जपावे?

आपल्या घरी जुने कार्ड असल्यास प्रथम त्याची मागची बाजू पाहावी. मधोमध रेघ नसेल, तर ते बहुधा १९०२ ते १९०७ च्या आधीचे, त्या त्या देशाच्या नियमानुसार. जर्मनीत छापल्याचा उल्लेख व चित्राला उठाव असल्यास ते १९१४ पूर्वीचे असण्याचा संभव मोठा. टपालाच्या शिक्क्यावरील गाव व तारीख ही सर्वांत भरवशाची साक्ष होय. म्हणून तिकीट कापून काढू नये. त्यासोबत शिक्काही जातो.

कार्डांना रबर लावू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण गरम करून चढवू नये. दमट हवेपासून व उन्हापासून दूर, स्वच्छ कागदी पाकिटात ती ठेवावीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाठविणाऱ्याचे नाव, नाते व गाव एका वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून कुटुंबात वाटावीत. कोण कोठे नोकरीला गेले, कोणत्या आळीत राहत होते, कुणाची कुणाशी सोयरीक होती, ही माहिती इतिहासाच्या ग्रंथांत मिळत नाही. ती अशा दोन ओळींच्या मजकुरात असते.

आजचा प्रश्न

ज्या डेन्मार्कने जगाला नाताळ-तिकिटाची देणगी दिली, त्याच देशाच्या सरकारी टपालसंस्थेने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटचे पत्र वाटले आणि चार शतकांची सेवा थांबविली. तेथे २००० साली सुमारे १४० कोटी पत्रे जात. २०२४ साली ती ११ कोटींवर आली होती. पत्रे आता तेथे एक खासगी कंपनी पोहोचविते. काळाची ही गती कुणी अडवू शकणार नाही आणि दूरच्या लेकरांचा चेहरा पडद्यावर दिसतो, याचा आनंद कमी मोलाचा आहे असेही आम्ही म्हणणार नाही.

परंतु कार्ड पाठविण्यासाठी तीन गोष्टी लागत : त्या माणसाचा पत्ता माहीत असणे, त्याच्यासाठी काही मिनिटे बसून लिहिणे आणि उत्तराची वाट पाहणे. एकाच वेळी दोनशे जणांना धाडलेल्या निरोपात या तिन्ही गोष्टी नसतात. आपल्या धर्मग्रामात अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही किंवा असूनही तो वाजत नाही. काही रुग्णालयात आहेत, काही वृद्धाश्रमात. १८४३ च्या त्या पहिल्या कार्डावर आनंदी कुटुंबाच्या दोन्ही बाजूंस भुकेले आणि उघडे लोक होते, याचे विस्मरण न होवो. येत्या नाताळात प्रत्येक घराने किमान एक कार्ड, ज्याला अन्य कुणाचेही येणार नाही अशा माणसाला, स्वहस्ते लिहून पाठवावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती आहे. पोस्टपेटीत टाकण्यास मात्र उशीर करू नये.